सतरा नंबरच्या बाजूने

दहावी राहून गेलेल्या मोठ्या माणसांना पुन्हा परीक्षेला बसवण्याचा विषय निघाला की हल्ली एक उत्तर हमखास मिळतं : दहावीचा हट्ट सोडा, त्यांना कौशल्य शिकवा. शिवणकाम शिकवा, पार्लरचं काम शिकवा, मोबाईल दुरुस्ती शिकवा, चार महिन्यांत हातात पैसे येतील. पस्तिशीतल्या बाईला वर्गसमीकरण शिकवून तिचं काय भलं होणार? असं म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांत देणगीदार असतात, निवृत्त अधिकारी असतात, सामाजिक संस्थांत आयुष्य घातलेले कार्यकर्तेही असतात. त्यांच्या शब्दाला वजन आहे, पैसा कुठे जायचा हे त्यांच्या मतावर ठरतं, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. मी संध्याकाळच्या वर्गात सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांना गणित शिकवते, आणि हा युक्तिवाद मला चुकीचाच नव्हे, तर नुकसान करणारा वाटतो.

आधी हा फॉर्म काय आहे ते सांगते, कारण त्यावर बोलणाऱ्या अनेकांनी तो पाहिलेला नसतो. शाळेत न जाता राज्य मंडळाची दहावी द्यायची असेल तर खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो. वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत आणि निदान पाचवी पास झालेली हवी. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो ही कागदपत्रं लागतात. दाखल्याची मूळ प्रत हरवली असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. वीस वर्षांपूर्वी गावातली शाळा सोडलेल्या बाईला तो दाखला आणण्यासाठी माहेरी एक खेप करावी लागते, आणि तिथे तिचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. अर्ज आता ऑनलाइन भरतात, साधारण पावसाळ्यात. मंडळ एक शाळा संपर्क केंद्र म्हणून देतं. तिथे अंतर्गत मूल्यमापनाचं काम जमा करायचं, हॉल तिकीट घ्यायचं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेला बसायचं. मधल्या पाच-सहा महिन्यांत या माणसाला शिकवायचं कुणी? प्रत्यक्षात ती कुणाचीच जबाबदारी नसते. पाचवी ते दहावी हे अंतर त्याने एकट्याने कापायचं.

आता कौशल्याच्या मुद्द्याकडे येते. कौशल्य शिका म्हणणाऱ्यांनी आयटीआयच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका एकदा उघडून पाहावी. इलेक्ट्रिशियन, फिटर या ज्या शाखांना कारखान्यांत मागणी आहे, त्यांना गणित-विज्ञानासह दहावी पास लागते. अंगणवाडी सेविकेला पूर्वी दहावी पुरायची, आता बारावी मागतात, आणि बारावीची वाट दहावीवरूनच जाते. एसटीत चालक व्हायचं तर दहावी. रत्नागिरी-रायगडकडून आखातात कामाला जाणाऱ्या तरुणांना हे चांगलं माहीत आहे, की दहावी नसेल तर पासपोर्टवर सहसा इमिग्रेशन तपासणीचा शेरा बसतो आणि त्या देशांत नोकरीला निघण्याआधी वेगळी परवानगी काढावी लागते. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर तो शेरा नसतो. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्र किती ठिकाणी चालतं, हे ज्याच्याकडे जन्माचा दाखलाच नाही त्याला विचारा. म्हणजे ज्या कौशल्याचा रस्ता तुम्ही दाखवता, त्याच्या चांगल्या पगाराच्या टोकाला दहावीचं फाटक उभं आहे. फाटकाच्या अलीकडे जे उरतं ते घरी बसून ब्लाउज शिवणं. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण ज्या बाईला अजून काही हवं आहे तिला तिथेच थांबवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

यावर एक चांगला प्रतिप्रश्न येतो. मग फाटकच काढा ना! नोकऱ्यांच्या अटी शिथिल करा. २०१९ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या परवान्यासाठी असलेली आठवी पासची अट काढून टाकली, तसंच इतर ठिकाणी करा. त्या निर्णयाला माझा विरोध नाही. उत्तम गाडी चालवणाऱ्याला कागदापायी घरी बसवणं अन्यायाचंच होतं. जिथे कामाला दहावीची गरज नाही तिथे ती मागू नये, हे मी आनंदाने मान्य करते. पण माझ्या वर्गात येणाऱ्यांना मी विचारते, की तुम्हाला दहावी का हवी आहे, तेव्हा नोकरी हे उत्तर निम्म्यांचंच असतं. बाकीच्यांना मुलाच्या वहीत काय लिहिलंय ते कळायला हवं असतं. बचत गटाच्या बैठकीत बँकेच्या माणसाने पुढे केलेला कागद सही करण्याआधी वाचायचा असतो. आणि पुष्कळ जणींना फक्त ते अर्धं राहिलेलं पुरं करायचं असतं. त्यांना शाळा नकोशी झाली म्हणून ती सुटली नव्हती. धाकट्या भावंडांना सांभाळायचं होतं, वडील आजारी पडले, लग्न ठरलं. नोकरीची अट काढल्याने या माणसांचं काहीही भागत नाही.

कोथरूडमधल्या किंवा पार्ल्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला कुणी विचारत नाही, की वर्गसमीकरणाचा तुला उपयोग काय. त्याने ते शिकायचंच असतं, कारण उद्या त्याला काय व्हावंसं वाटेल ते आज ठरलेलं नाही. हाच न्याय पस्तिशीतल्या बाईला लावायला आपण तयार नसतो, कारण तिचं आयुष्य ठरून गेलं असं आपण गृहीत धरलेलं असतं. या गृहीतकाला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

शिवाय ज्या अभ्यासक्रमाला निरुपयोगी म्हणतात तो नीट पाहावा. २०१८ साली आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत. पुढे संभाव्यता आहे, सांख्यिकी आहे. विज्ञानात विद्युतधारेचे परिणाम आहेत, आनुवंशिकता आहे. भूगोलात भारताशेजारी ब्राझील ठेवून दोन देशांची तुलना केली आहे, आणि माझ्याकडे येणारे एक वॉचमन काका त्या पुस्तकात असे रमतात की त्यांना गणिताकडे वळवायला मला कष्ट पडतात. हे सगळं मोठ्या माणसाच्या कामाचं नाही, असं कुणी कशावरून ठरवलं?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. सतरा नंबर म्हणजे मागचं दार, ही दहावी खरी दहावी नव्हे, कॉप्या करून पास होतात, असं लोक उघड म्हणतात. मला यावर आवाज चढवून बोलावंसं वाटतं, पण वस्तुस्थितीच पुरेशी आहे. पेपर तोच असतो, त्याच दिवशी असतो, तपासणी त्याच मंडळाची असते, पास व्हायला तेच ३५ गुण लागतात. भाषेचा ८० गुणांचा पेपर नियमित विद्यार्थ्याला तीन तास, खाजगीला तीन तास. कॉपीचं म्हणाल, तर ती रोगासारखी पसरलेली आहे हे खरं. पण मंडळाला दर वर्षी कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं ते एकट्या सतरा नंबरवाल्यांसाठी नव्हे. भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणाऱ्यांच्या ज्या चित्रफिती आपण पाहतो, त्यांतली केंद्रं नियमित विद्यार्थ्यांचीच असतात. आणि कॉपीने सगळे पास होत असते तर खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल नियमितांच्या बरोबरीने तरी लागला असता. २०२४ मध्ये नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ९५.८१ टक्के होता. खाजगी विद्यार्थी दर वर्षी त्यांच्या मागेच असतात. ज्याला मागचं दार म्हणता, ते पुढच्या दारापेक्षा अरुंद आहे.

याच आक्षेपाची एक अभ्यासू आवृत्ती आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणं बरोबर नाही. अमेरिकेत १९४२ मध्ये सैन्यातल्या तरुणांसाठी जीईडी ही शालेय समकक्षतेची चाचणी सुरू झाली आणि नंतर ती शाळा सोडलेल्या सर्वांसाठी खुली झाली. २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी या चाचणीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २०१४ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यावर ग्रंथ काढला. त्यांचा निष्कर्ष कठोर आहे. जीईडी पास झालेले बौद्धिक चाचण्यांत शाळा पूर्ण केलेल्यांच्या जवळ असतात, पण पगारात आणि आयुष्याच्या वाटचालीत शाळा सोडलेल्यांच्या जवळ राहतात. चिकाटी, वेळ पाळणं, हातातलं काम तडीला नेणं हे चाचणीत मोजलं जात नाही, आणि शाळा मात्र ते घडवते. समकक्षतेच्या परीक्षा फोल आहेत हे सिद्ध करायला आपल्याकडचे काही जण हा दाखला देतात.

दाखला खरा आहे, पण इथे बसत नाही. जीईडी ही चार वर्षांच्या हायस्कूलच्या जागी ठेवलेली वेगळी, आटोपशीर चाचणी आहे. तिच्यासाठी थोडक्या तयारीने बसणारेही पुष्कळ असतात. आपल्याकडे वेगळी चाचणी नाही. शाळेतल्या मुलाने दिलेलीच परीक्षा, सगळे विषय, सगळे पेपर. आणि चिकाटीच मोजायची असेल तर दिवसभर पॅकिंगच्या कामावर उभं राहून रात्री आठ वाजता वर्गात बसणाऱ्या माणसाची मोजा. सहा महिने तो हे करतो, दिवाळीतली जादा पाळी सांभाळून करतो, सासूचं ऑपरेशन आलं तरी पुन्हा येतो. हेकमन ज्या गुणांची उणीव सांगतात त्यांच्याशिवाय आपल्याकडे ही परीक्षा पारच पडत नाही. उलट त्यांचा ग्रंथ मला माझ्याच बाजूचा वाटतो. नुसती परीक्षा ठेवून भागत नाही, शिकवावं लागतं, हेच त्यातून निघतं.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी पूर्णपणे मान्य करते. सतरा नंबरचा फॉर्म ही अनेक शाळांनी नकोशा मुलांना ढकलून द्यायची जागा करून ठेवली आहे. नववीत कच्चं मूल दिसलं की पालकांना बोलावून सांगायचं, दाखला घेऊन जा, बाहेरून बसवा. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो, फलक रंगतो, पेपरात फोटो येतो. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वयापुरता. त्यानंतर त्या मुलाच्या मागे कायदा उभा राहत नाही, आणि नेमक्या त्याच वयात शाळा त्याचा हात सोडते. अशी मुलं माझ्याही वर्गात येतात. ती मोठ्या माणसांपेक्षा जास्त खचलेली असतात, कारण आपण टाकून दिले गेलो हे त्यांना नुकतंच कळलेलं असतं. पण यावरून फॉर्म बंद करा हा निष्कर्ष कसा निघतो? गुन्हा ढकलणाऱ्या शाळेचा आहे. निकाल जाहीर करताना प्रत्येक शाळेच्या टक्केवारीशेजारी दोन वर्षांपूर्वी तिच्या आठवीच्या पटावर किती मुलं होती तो आकडाही छापा. वाटेत किती गळली ते सगळ्यांना दिसेल आणि शंभर टक्क्यांचे फलक आपोआप कमी होतील.

आता तयारीबद्दल सांगते. या साऱ्या वादात तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही, आणि मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच.

मोठ्या माणसाला दहावीसाठी तयार करणं म्हणजे त्याच्या हातात गाईड देणं, असा समज आहे. पास गॅरंटी देणारे क्लास तेच करतात. अपेक्षित प्रश्नसंच, मागच्या पाच वर्षांचे पेपर, निबंध पाठ करा, व्याख्या पाठ करा. पंधरा वर्षांच्या मुलाला हे कदाचित तारून नेतं, कारण पाचवी ते नववीचं काहीतरी त्याच्या डोक्यात अजून ताजं असतं. भाजी विकणाऱ्या बाईला ते पूर्ण बुडवतं. तिला विचारा, सतरा रुपये पाव तर साडेतीन किलोचे किती? ती श्वास न घेता दोनशे अडतीस सांगते. तोच गुणाकार वहीत मांडायला सांगा, हातचा कुठे लिहायचा इथे अडते, आणि मग तिला वाटतं की आपल्याला गणित येत नाही. तिला गणित येतं, लिहिता येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला पटवण्यात माझे पहिले कित्येक दिवस जातात, आणि ते दिवस वाया गेले असं मला कधी वाटलेलं नाही. उणे संख्या तिला उधारीवरून एका संध्याकाळी कळतात. पाच रुपये देणं आहे, तीन आले, किती देणं उरलं? शाळेतली मुलं याच ठिकाणी वर्षभर चुकतात.

अडचणी दुसरीकडे असतात. हाताची सवय गेलेली असते. पहिल्या आठवड्यात एक पान लिहिलं की बोटं दुखतात, आणि परीक्षेत तीन तास लिहायचं असतं. म्हणून मी रोज दहा मिनिटं नुसतं लिहून घेते, मराठीच्या ‘कुमारभारती’ पुस्तकातला उतारा बघून, घाई न करता, मग हळूहळू वेळ लावून. इंग्रजीची भीती वेगळीच. दुकानाच्या पाट्या, औषधाची नावं, मोबाईलवरचे शब्द यांतून त्यांना जितकं येतं तितकं त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. भूमितीची सिद्धता सर्वांत अवघड जाते. दिसतंय ते खरं आहे, मग ते सिद्ध का करायचं, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यावं लागतं.

पुस्तकाच्या क्रमाने शिकवून चालत नाही. बीजगणिताचं पुस्तक दोन चलांतील रेषीय समीकरणांनी सुरू होतं. तिथून सुरुवात केली तर दुसऱ्या आठवड्यात वर्ग निम्मा रिकामा होतो. मी अपूर्णांकांपासून सुरू करते, तिथून शेकडेवारी, तिथून अर्थनियोजन, मग सांख्यिकी आणि संभाव्यता, आणि समीकरणं नंतर. तोवर माणसाला वहीचा विश्वास आलेला असतो. शिवाय हजेरी कधीच सलग नसते. मंगळवारी न आलेल्याला गुरुवारी वर्ग कळला पाहिजे, म्हणून प्रत्येक तास स्वतःपुरता पुरा असावा लागतो. हे सगळं करायला शिक्षक लागतो, त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं, दिवे चालू असलेली खोली लागते. गाईडातून यातलं काहीही मिळत नाही.

हे होत नाही असं नाही. ‘प्रथम’ संस्थेने २०११ पासून ‘सेकंड चान्स’ या उपक्रमात शाळा सुटलेल्या मुली-बायकांना दहावीला बसवलं आहे, आणि तिथेही आधी पाया पक्का करणारा वर्ग असतो, मग दहावीचा अभ्यासक्रम. मुंबई-पुण्यातल्या रात्रशाळांनी पिढ्यानपिढ्या कामगारांना शिकवलं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ मध्ये. त्यांनी राबणाऱ्यांपुढे परीक्षा ठेवली नव्हती, त्यांना शिकवायला घेतलं होतं.

मग एनआयओएसकडे पाठवा, असा सल्ला कुणी देतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची व्यवस्था मोठ्या माणसांसाठी खरोखर चांगली आहे. पाच विषय, आवडीने निवडायचे, एकेक करून सोडवायचे, पाच वर्षांत नऊ संधी, मराठी माध्यमाचीही सोय. मी स्वतः काहींना तिकडे पाठवते. पण अभ्यास केंद्र जवळ असेल तरच ते जमतं, आणि पाठीशी शिकवणारं कुणी नसेल तर तिथेही नऊ संधी तशाच निघून जातात. आपल्याकडचा माणूस राज्य मंडळाच्या दहावीला ओळखतो, त्याच्या मुलीचं पुस्तक तेच असतं, दोघं एका चटईवर बसून अभ्यास करू शकतात. हा फायदा मला सोडवत नाही.

सरकारकडे योजना नाही, असंही नाही. २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या पाच घटकांत मूलभूत शिक्षणाचा घटक आहे आणि त्यात माध्यमिक स्तरापर्यंतची समकक्षता स्पष्ट लिहिलेली आहे. गावोगाव प्रत्यक्षात जे दिसतं ते मात्र अक्षरओळख आणि एक चाचणी, तिथेच थांबलेलं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. संपर्क केंद्र असलेल्या शाळांचे वर्ग रात्री आणि रविवारी रिकामे असतात. म्हणजे खोली आहे, पुस्तक आहे, योजनेत शब्द आहेत. नाही ती फक्त जबाबदारी. ज्या शाळेला मंडळ खाजगी विद्यार्थी देतं, तिने त्यांना आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी शिकवलं पाहिजे, त्या शिक्षकांना मानधन मिळालं पाहिजे, आणि ‘उल्लास’चे पैसे त्यासाठी वापरता आले पाहिजेत. हे वर्ग अर्ज भरून झाल्याच्या आठवड्यातच सुरू व्हावेत. दिवाळीनंतर सुरू केले तर अपूर्णांकांना वेळच उरत नाही.